वेलू

चाळीस वर्षं गलाई केली,
त्यातली अठरा सेलमला, शेवापेटच्या बोळात.
सराफ मोड आणून टाकायचे,
कुणाची ताली, कुणाचं पैंजण, कुणाचा तरी दात.
मुशीतून चोख गोळी निघाली
की ती कुणाची होती, कुणी सांगावं?

तसाच तो आला, असं लोकांना सांगत आलो.
खोटं आहे ते. सोनं गप असतं.
हा अनाथाश्रमाच्या पायरीवर
माझ्या बोटाला कडकडून चावला.
चार वर्षांचा. वहीत नाव वेलू.
कागद करताना हिनं दुसरं नाव घालू दिलं नाही.
म्हणाली, वेल म्हंजे चढणारच. चढू दे.

चढला.
भाळवणीला परतलो त्या वर्षी पाण्याच्या टाकीवर,
मग शाळेच्या कौलांवर,
मग रात्रीचा एकटा रेवणसिद्धाच्या डोंगरावर,
हातात बॅटरी नाही, खिशात शेंगदाणे.
"दत्तकाचं रक्त, कुठलं काय म्हायती,"
चावडीवर एकजण बोलला.
त्याचंच रेडकू विहिरीत पडलं
तेव्हा कमरेला सोल बांधून खाली उतरला तो आमचा.
वर आला, दात वाजत होते, म्हणाला,
"काका, तळाला लई गार हाय. या एकदा."

तोवर तमिळ पार विसरला होता.
मीही सोडलं. बोलणार कुणाशी?

भट्टीवर बसला नाही. ट्रक धरला.
विट्याचं कापड, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद
पोचवायचा, आणि सरळ घरी येणं
त्याला कधी जमलं नाही.
फोन यायचा, "आप्पा, हितं नदी गोठलीया.
वरनं चालतोय बघा, आवाज येतोय का?"
मी विचारायचो, स्वेटर घातलास?
तो नदीचंच सांगत राहायचा.
स्वेटर कुणा क्लीनरच्या अंगावर गेलेला असायचा.
घड्याळ गेलं, सोलापुरी चादर गेली,
दोनदा अख्खा पगार,
एकदा पुण्याहून अनवाणी आला.
ही ओरडायची,
आणि ओरडता ओरडता पाय शेकायला पाणी ठेवायची.

गेला तो दुसऱ्याच्या ट्रकचं चाक बदलताना.
लाहौलकडचा घाट. वरून दगड आला.
एवढंच.
ज्याचं चाक होतं तो सरदारजी
नवव्या दिवशी पत्ता विचारत दारात उभा,
हातात पाना. "आपके बेटे का है."
पान्याला तिकडची माती होती.
अजून आहे.

तहसीलीतल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं,
"स्वतःचा की दत्तक?"
रकानाच होता तसा, त्यांचा काय दोष.
मी म्हणालो, "हो."
त्यांनी काय लिहिलं, मी वाचलं नाही.

दहाव्याला येरळेच्या पात्रात पिंड ठेवला.
कावळे बाभळीवर बसून राहिले.
भाऊबंद एकेक बोलून बघू लागले:
आईला सांभाळू रं. ट्रकचा हप्ता फेडू.
त्या क्लीनरच्या पोरीची फी भरू.
एक पंख हलला नाही. वाळू तापली.
कुणीतरी दर्भाचा कावळा करायला घेतला.
तेव्हा हिनं माझ्याकडं बघितलं,
त्या पायरीवर बघितलं होतं तसं,
आणि बावीस वर्षांनी माझ्या तोंडातून निघालं,
"वाडा, कण्णा. साप्पिडु."

चुलता पुटपुटला, "आता वाडा कुठला मागतोय ह्यो?"
दोघंतिघं हसले. मलाही हसू आलं, काय करू.
ये रे बाळा, जेव. इतकंच होतं ते.
सांगितलं नाही कुणाला.

एक कावळा आला. मग सगळेच आले, भांडत.

घराकडं येताना ओढ्याशी ही थांबली.
काय म्हणालात तुम्ही मघाशी?
अठरा वर्षं तीही राहिली होती तिकडं,
बाजारहाट तमिळमध्येच करायची.
तरी विचारलं.
मी परत म्हटलं. जरा मोठ्यानं.